आधी उसळ, मग भात

गरोदरपणात रक्तातली साखर वाढल्याचे निदान झाले की घरातून, शेजारातून आणि पुष्कळदा दवाखान्यातूनही येणारा पहिला सल्ला वजाबाकीचा असतो. गोड बंद करा, भात सोडा, बटाट्याला हात लावू नका, रात्रीचे जेवण हलके ठेवा. जिचे जठर शाबूत आहे आणि जिच्या ताटात गरजेपेक्षा जास्त भात-पोळी पडते, तिला या सल्ल्याचा बहुधा फायदाच होतो. पण आता प्रसूतितज्ज्ञांकडे अशाही स्त्रिया येऊ लागल्या आहेत, ज्यांनी काही वर्षांपूर्वी वजन उतरवण्यासाठी जठराची शस्त्रक्रिया करून घेतलेली असते. वजन उतरले की अनियमित पाळी अनेकींच्या बाबतीत सुरळीत होते आणि वर्षानुवर्षे अडलेली गर्भधारणा होते. अशा स्त्रीची साखर वाढली म्हणून तिलाही तोच कापाकापीचा सल्ला दिला, तर जे पोट आधीच जेमतेम चार घास घेते त्यातून आणखी दोन घास काढून घेतले जातात. म्हणून तिच्या आहाराचा विचार ‘काय बंद करायचे’ इथून सुरू होता कामा नये. जेवढे पोटात मावते त्यात आधी काय जायला हवे, हे पहिल्यांदा ठरवायचे. साखर आटोक्यात ठेवण्याचे काम पदार्थांचा क्रम, त्यांची जोडी आणि दिवसभरातली विभागणी यांवर सोपवता येते. उपाशी ठेवून ते काम करायला गेले, तर त्याची किंमत बाळाला मोजावी लागते.

हे नुसते तर्काने म्हणत नाही. स्वीडनमधल्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांच्या ५९६ गरोदरपणांची तुलना त्यात २,३५६ इतर गरोदरपणांशी केली होती. या दुसऱ्या गटातल्या स्त्रियांचे वजन पहिल्या गटाच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या वजनाइतकेच होते, पण त्यांनी शस्त्रक्रिया केलेली नव्हती. गरोदरपणातला मधुमेह शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये १.९ टक्के आणि न झालेल्यांमध्ये ६.८ टक्के आढळला. अवाजवी मोठ्या बाळांचे प्रमाणही २२.४ टक्क्यांवरून ८.६ टक्क्यांवर आलेले दिसले. एवढेच वाचले तर शस्त्रक्रियेने प्रश्न मिटवला असे वाटेल, आणि पुष्कळ जण इथेच वाचायचे थांबतात. त्याच अभ्यासात, पोटातल्या वयाच्या मानाने लहान राहिलेल्या बाळांचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये १५.६ टक्के होते, इतरांमध्ये ७.६ टक्के. म्हणजे दुप्पट. एकीकडचा धोका घटला तेव्हा दुसरीकडचा वाढला. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही ज्यांची साखर वाढते, त्यांच्या बाबतीत डॉक्टरांना एकाच वेळी दोन गोष्टींवर नजर ठेवावी लागते. साखर वाढल्याने बाळ फाजील पोसले जात नाही ना, आणि अन्न अपुरे पडल्याने ते खुरटत नाही ना? नेहमीचा मधुमेही आहार यातल्या पहिल्या प्रश्नासाठी बेतलेला आहे. दुसरा त्याच्या हिशेबात फारसा येतच नाही.

ही दुहेरी अडचण कशी निर्माण होते ते समजायला शस्त्रक्रिया समजून घ्यावी लागते. भारतात प्रामुख्याने दोन प्रकार केले जातात. स्लीव्ह प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी उरते. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होत असल्याने भूकही मंदावते. बायपास प्रकारात जठराच्या वरच्या टोकाची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा टप्पा ओलांडून पुढे जाते. लोह आणि कॅल्शियम नेमके याच टप्प्यात मोठ्या प्रमाणात शोषले जातात, तर बी-१२ शोषण्यासाठी लागणारा घटक जठराच्या अस्तरातून येतो. त्यामुळे या तिन्हींची टंचाई ओघानेच येते. साखरेच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल वेगळा आहे. बायपासनंतर गोड किंवा पातळ पिष्टमय पदार्थ आतड्यात एकदम उतरतो, रक्तातली साखर झपाट्याने चढते, आतड्यातली संप्रेरके इन्सुलिनचा जोरदार लोंढा सोडायला लावतात आणि तासा-तीन तासांत साखर गरजेपेक्षाही खाली जाते. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. डॉक्टर याला उशिराचे डंपिंग म्हणतात. स्लीव्हनंतरही हे होऊ शकते, पण कमी प्रमाणात. म्हणून या स्त्रियांमध्ये एकाच जेवणामुळे साखर आधी फार वर आणि मग फार खाली जाऊ शकते, आणि दोन्ही टोके टाळणारा आहार हवा असतो.

निदानाची गोष्ट इथेच येते, कारण चुकीच्या निदानावर उभा केलेला आहार चुकीचाच असणार. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गरोदर स्त्रीला ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्तातली साखर तपासतात. ती १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आली, तर गरोदरपणातला मधुमेह मानतात. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांच्या पुढाकाराने रूढ झालेली ही एक-टप्पी चाचणी आपल्या देशासाठी फार मोलाची आहे. उपाशीपोटी यावे लागत नाही, पुन्हा हेलपाटा पडत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रातही ती करता येते. पण ३० मिलिलिटरच्या पिशवीत ३०० मिलिलिटर साखरपाणी ओतण्याचा विचार करून पाहावा. व्हिएन्नात बायपास झालेल्या गरोदर स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक जणींची साखर या प्रकारच्या चाचणीदरम्यान धोकादायक रीतीने खाली गेली. शिवाय अशा स्त्रीची साखर पहिल्या तासाच्या आतच शिखर गाठून उतरणीला लागलेली असते. दोन तासांचा आकडा नॉर्मल दिसतो आणि वाढलेली साखर नजरेतून निसटते. म्हणूनच २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एकमताने, शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी दुसरा मार्ग सुचवला: २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान सलग एक आठवडा घरीच ग्लुकोमीटरवर सकाळची उपाशीपोटीची आणि प्रत्येक जेवणानंतरची साखर पाहायची. उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर तासाने १४० च्या आत, दोन तासांनी १२० च्या आत, अशा मर्यादा त्यासाठी वापरल्या जातात.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा, की आठवडाभराची ही पद्धत मोठ्या प्रयोगांतून सिद्ध झालेली नाही, ती तज्ज्ञांच्या सहमतीवर उभी आहे. हे खरे. पण जी चाचणी त्या शरीरात मुळातच बिघडते, तिला केवळ ती इतरांमध्ये प्रमाणित आहे म्हणून कवटाळण्यात अर्थ नाही. तिच्या रोजच्या जेवणाने साखर किती वाढते हेच आपल्याला जाणून घ्यायचे आहे, आणि ग्लुकोमीटर तेच सांगतो. दुसरा आक्षेप खर्चाचा. दिवसाला चार स्ट्रिप धरल्या तरी आठवड्याला २८ लागतात आणि बोटाला तितक्याच टोचण्या. सामान्य घराला हा भार जाणवतो, हे नाकारून चालणार नाही. तरीही एका आठवड्याच्या स्ट्रिपांचा खर्च चुकीच्या निदानानंतरच्या तीन महिन्यांच्या खर्चापुढे कमीच ठरतो. आणि त्या आठवड्याचा एक फायदा कुठल्याही प्रयोगशाळेत मिळत नाही: सकाळच्या पोह्यांनी साखर किती चढली आणि मोड आलेल्या मटकीने किती, हे त्या बाईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

आता ताटाकडे वळू. अमेरिकेतल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने गरोदरपणात दिवसाला किमान १७५ ग्रॅम कर्बोदके आणि सुमारे ७१ ग्रॅम प्रथिने लागतात असे ठरवले आहे. शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी प्रथिने ६० ग्रॅमच्या खाली जाऊ नयेत असे तज्ज्ञ सांगतात. १७५ हा आकडा काळ्या दगडावरची रेघ नाही, आहारतज्ज्ञ तो प्रत्येकीच्या साखरेनुसार खालीवर करतात. पण त्यामागचे कारण पक्के आहे. बाळाचे मुख्य इंधन ग्लुकोज, ते आईच्या रक्तातून अखंड ओढले जाते, आणि कर्बोदके फार कापली तर गरोदर शरीर इतरांपेक्षा लवकर चरबी जाळायला लागून रक्तात कीटोन साठतात. ‘साखर वाढते ना, मग भात-पोळी पूर्ण बंद करा, दोन दिवसांत आकडे खाली येतील’ असे म्हणणाऱ्यांचे आकड्यांपुरते बरोबर आहे, आकडे खरोखर खाली येतात. पण ज्या स्त्रीचे बाळ लहान राहण्याची शक्यता आधीच दुप्पट आहे, तिच्याबाबतीत केवळ खाली आलेला आकडा हे यश मानता येत नाही. सोनोग्राफीत बाळाची वाढ कशी होते आहे, हे त्या आकड्याशेजारी ठेवूनच आहार बरोबर की चूक ते ठरवायला हवे.

अडचण जागेची आहे. वाटीभर भातात सुमारे तीस-पस्तीस ग्रॅम कर्बोदके असतात, एका मध्यम पोळीत वीसच्या आसपास, कपभर दुधात दहा. ही गरज तीन जेवणांत भागवायला गेले तर लहान झालेले जठर साथ देत नाही आणि साखरही उसळते. म्हणून दिवसाचे सहा छोटे भाग करायचे, आणि प्रत्येक भागात प्रथिने आधी. दोन घास मऊ शिजलेली मटकीची किंवा मुगाची उसळ, अंडे, मासा, कोंबडीचा तुकडा किंवा पनीर पोटात गेल्यावर मगच भाजी आणि शेवटी पोळी-भाकरी किंवा भात. याचे फायदे दोन. पोट मध्येच भरले तर राहून जातो तो भात, प्रथिने राहत नाहीत. शिवाय प्रथिने आणि भाजी आधी खाल्ल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे टाइप २ मधुमेहींवरच्या छोट्या प्रयोगांत दिसले आहे. पाणी, ताक, सार हे जेवणाबरोबर न घेता अर्ध्या तासाच्या अंतराने घ्यावे, नाहीतर अर्धी जागा पाण्यानेच अडते आणि बायपास झालेल्यांमध्ये अन्न भरभर पुढे सरकते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे घरातल्या घरात फेऱ्या मारल्या तरी साखरेवर त्याचा चांगला परिणाम होतो.

आपल्या स्वयंपाकघरातल्या काही रूढ समजुती इथे तपासून घ्याव्या लागतात. ज्वारी-नाचणी मधुमेहींसाठी चांगली, हे अर्धे खरे आहे. भाकरीतही पोळीइतकीच कर्बोदके असतात, फक्त तंतू जास्त असल्याने आणि नीट चावून खाल्ल्याने ती सावकाश पचतात. तीच नाचणी दळून, पातळ पेज करून, गूळ घालून प्यायली, तर या पोटात तिचे वागणे साखरपाण्याच्या जवळ जाते. गूळ लोहासाठी घ्यावा असे मोठी माणसे मायेने सांगतात, पण गूळ म्हणजे बहुतांशी साखरच, आणि त्यातल्या थोड्या लोहासाठी मोजावी लागणारी किंमत फार आहे. नुसता चहा आणि बिस्किटे ही सकाळची सुरुवात दोन्ही बाजूंनी वाईट: साखर चढते आणि चहातले घटक लोहाचे शोषण अडवतात. त्याऐवजी एक उकडलेले अंडे किंवा मूठभर भाजलेले चणे आधी, चहा नंतर तासाभराने आणि बिनसाखरेचा, एवढा बदलही पुष्कळ काम करतो. पोहे करायचे तर ते उसळीबरोबर आणि शेंगदाणे घालून. उसाचा रस, फळांचा रस आणि पन्हे टाळावे, अख्खे फळ अर्धे-अर्धे खावे. साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे. संकष्टी असो की हरितालिका, दिवसभर काही न खाणे आणि मग संध्याकाळी साबुदाणा, हा क्रम अशा गरोदर स्त्रीसाठी घातकच आहे. तिने उपास करू नये, आणि घरातल्यांनी तिला तो करू देऊ नये. डोहाळजेवणाच्या दिवशी सगळ्या गोडांचा एकेक घास चाखण्याऐवजी आवडीचा एकच पदार्थ, तोही जेवणाच्या शेवटी दोन घास, असा मार्ग काढता येतो.

‘आता दोन जिवांचे खायचे’ हा आग्रह आणि ‘शुगर आहे, खाऊ नकोस’ हा धाक, दोन्ही एकाच घरात एकाच स्त्रीच्या वाट्याला येतात. पहिल्या आग्रहामागे एक खरी गरज आहे, पण ती पोषकतेची आहे, ढिगाची नाही. शाकाहारी कुटुंबांतून शंका येते की उसळ-वरणावर ६० ग्रॅम प्रथिने कशी भागणार. पातळ वरणाने नाहीच भागणार, कारण वाटीभर पातळ वरणात प्रथिने पाच-सहा ग्रॅमच असतात आणि जागा मात्र पूर्ण वाटीची जाते. पण शंभर ग्रॅम पनीर सुमारे १८ ग्रॅम देते, दोन कप दूध १२ ते १४, घट्ट दही, सोयाबीनच्या वड्या, भाजलेले चणे, शेंगदाणे यांनी उरलेले भरून काढता येते. तरीही कमी पडल्यास आहारतज्ज्ञाने सुचवलेली बिनसाखरेची प्रथिनांची पावडर दुधात मिसळून घेण्यात काहीच कमीपणा नाही.

पोषणाबाबत एक गोष्ट महाराष्ट्रातल्या संशोधनाने जगाला शिकवली आहे, आणि ती इथे नेमकी लागू पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या गावांमधल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. पण आपली ही हडकुळी बाळे चरबीच्या बाबतीत तितकी मागे नव्हती, त्यांच्यात कमतरता होती ती स्नायूंची. बाळ लहान म्हणजे त्याला पुढे मधुमेहाची भीती नाही, ही समजूत त्यातून कोसळली. २००८ साली त्याच पाहणीतून पुढे आले की दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होते, आणि ज्या मातांमध्ये फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. आता याच मातीतल्या, बहुधा कमी मांसाहार करणाऱ्या स्त्रीच्या जठरावर शस्त्रक्रिया झालेली आहे असे धरा. बी-१२ आधीच कमी, आणि ते शोषण्याची यंत्रणाही क्षीण. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते, बी-१२ नसते. ती गोळी घेतलीच पाहिजे, पण ती पुरेशी नाही. बी-१२ ची पातळी तपासून इंजेक्शन किंवा मोठ्या मात्रेची गोळी, शिवाय ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम, हे सगळे या आहाराचाच भाग मानायला हवे. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांमध्ये किमान दोन तासांचे अंतर हवे. अ जीवनसत्त्व लागलेच, तर गरोदरपणात ते बीटा-कॅरोटीनच्या रूपात घेतात, कारण रेटिनॉलची मोठी मात्रा गर्भाला अपायकारक असते.

एवढे करूनही साखर मर्यादेबाहेर राहिली तर? ऑस्ट्रेलियातल्या सुमारे हजार स्त्रियांवरच्या २००५ च्या प्रयोगात आहार, साखरेची तपासणी आणि गरजेपुरते इन्सुलिन यांमुळे बाळांमधली गंभीर गुंतागुंत ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आली. इन्सुलिन लागले ते त्यातल्या साधारण २० टक्के स्त्रियांना, बाकीच्यांचे आहारावर भागले. या शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया नव्हत्या, त्यामुळे टक्केवारी जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण दोन गोष्टी त्यातून घेता येतात: आहार हे खरे औषध आहे, आणि ते पुरले नाही तर इन्सुलिन घेणे हा आईचा पराभव नाही. कमी खाऊन इन्सुलिन टाळणे हा तर सर्वांत वाईट सौदा. अनेक ठिकाणी मेटफॉर्मिनही दिले जाते, पण दीर्घकाळ घेतल्यास ते बी-१२ घटवते, आणि शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीत हा मुद्दा बाजूला टाकण्यासारखा नाही. इन्सुलिन सुरू झाल्यावर साखर खाली जाण्याचा धोका तिला इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून मात्रा हळूहळू वाढवावी लागते. साखर खाली गेल्याची लक्षणे दिसली तर थोडे ग्लुकोज लगेच घ्यावे, आणि पाठोपाठ दूध किंवा चण्यांसारखे काही. केवळ गोड खाऊन थांबले तर तासाभराने साखर पुन्हा कोसळू शकते.

दोन लक्षणांकडे मात्र गरोदरपणातला नेहमीचा त्रास म्हणून पाहू नये. सतत उलट्या होत असतील तर या स्त्रियांमध्ये थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, फार लवकर संपते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिन द्यावे लागते. आणि बायपास झालेल्या गरोदर स्त्रीच्या पोटात तीव्र कळा आल्या, तर आतडे आतल्या फटीत अडकल्याची शक्यता धरून तातडीने शल्यचिकित्सकाकडे न्यावे. ॲसिडिटी समजून रात्रभर थांबू नये.

बाळंतपणानंतर साखर बहुधा पूर्ववत होते, पण गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या कित्येक पट असते, शस्त्रक्रिया झालेली असली तरीही. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू बाळंतिणीला देताना हे घरच्यांनी लक्षात ठेवावे. सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोज प्यायला सांगितले, तर पुन्हा पर्यायी तपासणी मागावी. शस्त्रक्रियेनंतर निदान बारा ते चोवीस महिने गर्भधारणा लांबवावी, असे तज्ज्ञ सांगतात. ज्यांना अजून दिवस गेलेले नाहीत त्यांनी आधी रक्ताच्या तपासण्या करून कमतरता भरून काढाव्यात. आणि ज्यांना दिवस गेले आहेत त्यांनी पहिल्याच भेटीत प्रसूतितज्ज्ञांना शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड दाखवावे, कोणता प्रकार आणि कोणते वर्ष ते फाइलवर लिहून घ्यायला सांगावे, आणि ग्लुकोजचा पेला हातात घेण्यापूर्वी आठवडाभराच्या घरगुती तपासणीबद्दल विचारावे.